ताडोब्यास जाण्यापूर्वी

प्रवासाची तयारी म्हणजे पिशवीत चार कपडे भरणे, असे पुष्कळांना वाटते. गावोगावच्या आप्तांकडे जाताना तेवढी तयारी पुरतेही. परंतु अरण्याचा प्रवास या प्रकारात बसत नाही. आप्ताच्या घरी आपण एखादे वेळी न कळविता जाऊन उभे राहू शकतो. वाघाच्या घरी जायचे, तर आधी नाव नोंदवावे लागते, दिवस ठरवावा लागतो आणि त्या घरच्या चालीरीतीही समजून घ्याव्या लागतात. २०२५ सालच्या उन्हाळ्यात आमच्या घरात अशा एका प्रवासाचा बेत शिजू लागला, आणि तो शिजता शिजता त्याचे रूप पार पालटून गेले. त्याचीच ही हकीकत.

माझी नात तेव्हा सातवीत होती आणि नातू पाचवीत. मार्च महिन्यात दोघांनी संगनमत करून मागणी केली, "आबा, या सुट्टीत आपण ताडोब्याला जाऊ या." मी रुकार दिला, परंतु एक अट घातली. प्रवासाचा सगळा बेत त्यांनीच आखायचा. मी फक्त विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे द्यायची. मुलांनी दोनशे पानी वही आणली, तिच्यावर ठळक अक्षरांत 'ताडोबा' असे लिहिले आणि आमचे काम सुरू झाले.

पहिल्या दिवशी महाराष्ट्राचा नकाशा जमिनीवर पसरला. आमचे जालना मराठवाड्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंचीवर वसलेले आहे. येथे काळी जमीन, बेताचा पाऊस, कपाशी, तूर आणि मोसंबीच्या बागा. नातवाचे बोट पूर्वेकडे सरकत सरकत चंद्रपूरपाशी थांबले. तो मुलूख पुष्कळ सखल. चंद्रपूर शहराची उंची जेमतेम दोनशे मीटर. पाऊस मात्र आमच्याहून कितीतरी अधिक. म्हणून तेथे साग, बांबू, ऐन, बिजा, धावडा, मोह आणि तेंदू यांचे घनदाट रान माजते. मग मी मुलांना नद्या शोधायला सांगितल्या. आमच्या जालन्याची कुंडलिका दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला आणि पूर्णा गोदावरीला. तिकडे ताडोब्याच्या रानातून वाहणारी अंधारी वैनगंगेला मिळते. वैनगंगा आणि वर्धा यांची पुढे प्राणहिता होते आणि सिरोंचापाशी तीही गोदावरीच्या कुशीत शिरते. नात हरखून म्हणाली, "म्हणजे आपले पाणी आणि वाघाचे पाणी शेवटी एकच की!" भूगोलाचा असा पाठ वर्गात सहसा साधत नाही.

दुसरे पान इतिहासाचे होते. ताडोबा हे एका देवाचे नाव आहे. तारू नावाचा एक गावप्रमुख वाघाशी झुंजताना मरण पावला. लोकांनी त्याला देव मानले आणि तलावाच्या काठी त्याचे ठाणे स्थापन केले, अशी कथा आहे. पौष महिन्यात आदिवासी बांधव त्याच्या दर्शनास जात आले आहेत. १९५५ साली या तलावाभोवतालचे सुमारे ११६ चौरस किलोमीटर रान राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवण्यात आले. तेव्हा चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता. पुढे १९८६ साली शेजारचे अंधारी अभयारण्य निर्माण झाले आणि १९९५ साली दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. आज त्याचे गाभा क्षेत्र, ज्याला तेथे सर्वजण 'कोअर' म्हणतात, सुमारे सव्वासहाशे चौरस किलोमीटर आहे, आणि त्याच्याभोवती सुमारे अकराशे चौरस किलोमीटरांचे बफर क्षेत्र आहे. बफरमध्ये जंगल आहे, तशीच गावेही आहेत, शेतेही आहेत, गुरेही आहेत. या शेवटच्या वाक्याकडे त्या दिवशी आमच्यापैकी कोणाचेच लक्ष गेले नाही. ते नुसते वहीत उतरले.

तिसरे पान नियमांचे. कोअर क्षेत्रात स्वतःची मोटार नेता येत नाही. उघड्या जिप्सीतून जावे लागते. एका जिप्सीत प्रवासी सहा. त्यांशिवाय चालक आणि तेथलाच एक मार्गदर्शक. फेऱ्या दोन, सकाळची आणि दुपारची. जागा बऱ्याच आधी संगणकावरून राखून ठेवाव्या लागतात आणि प्रवेशद्वारावर ओळखपत्र दाखवावे लागते. मंगळवारी उद्यान बंद असते, आणि पावसाळ्यात कोअर क्षेत्र मिटलेले असते. कोअरमध्ये मोबाईल नेता येत नाही. गाडीतून खाली उतरायचे नाही, मोठ्याने बोलायचे नाही, कसलाही कचरा टाकायचा नाही. कपडे भडक नकोत. मातकट किंवा हिरवट रंगाचे असावेत. अत्तर नको. नातवाने हे सर्व लिहून घेतले आणि सुस्कारा टाकून तो म्हणाला, "आबा, हे तर शाळेपेक्षा कडक आहे!"

जाण्याची वाट सोपी होती. २०२२ च्या डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि जालन्याहून विदर्भ एकदम जवळ आला. वर्ध्यापर्यंत त्या मार्गाने जायचे, मग हिंगणघाट आणि वरोरा करून चंद्रपूर, आणि तेथून मोहर्लीचे प्रवेशद्वार. वाटेत वरोऱ्याला बाबा आमटे यांनी उभारलेले आनंदवन मुलांना दाखवावे, ही त्यांच्या आजीची सूचना सर्वानुमते मान्य झाली. मुलगा, सून, दोन नातवंडे आणि आम्ही दोघे असे बरोबर सहाजण होत होतो. जिप्सी जणू आमच्यासाठीच मापून बनविली होती.

आमचा हा उद्योग आमच्या शेजाऱ्यांच्या कानी गेला. त्यांचा तुरीचा आणि मोसंबीचा मळा गावाबाहेर आहे. ते हसून म्हणाले, "गुरुजी, जनावरं बघायला एवढ्या लांब कशाला जाता? रात्री माझ्या तुरीत येऊन बसा. पाच-दहा रोही मी तुम्हाला फुकट दाखवतो. वर रानडुकरं वेगळी!" आम्ही सर्वजण खळखळून हसलो. ते स्वतः मात्र फार वेळ हसले नाहीत. हिवाळ्याच्या कित्येक रात्री हातात बॅटरी आणि डबा घेऊन ते मचाणावर जागतात, हे मला ठाऊक होते.

आता राहिला प्रश्न महिन्याचा. येथे मात्र घरात दोन तट पडले. हिवाळ्यात हवा सुखाची असते आणि तलावांवर पाहुणे पक्षी येतात. परंतु गवत उंच असते, पाणी ठिकठिकाणी असते, आणि वाघ कोठेही दडून राहू शकतो. मे महिन्यात चांद्याचे ऊन माणसाला भाजून काढते. पण पानगळीमुळे रान उघडे पडते, पाणवठे आटतात, आणि जे थोडे उरतात त्यांवर वाघाला यावेच लागते. नातवाने भाषणच ठोकले, "ऊन सोसू, पण वाघ पाहू!" मे महिन्याला बहुमत मिळाले. महिन्याचा शेवटचा आठवडा ठरला. पैसे भरायचे तेवढे बाकी होते.

अशा वेळी ती बातमी आली. १० मे २०२५ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात एकाच गावच्या तीन स्त्रिया वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. तेंदूची पाने तोडण्यासाठी त्या जंगलात गेल्या होत्या.

वर्तमानपत्र आमच्या घरात हातोहात फिरले आणि कोणी काही बोलेना. शेवटी मुलांची आजी म्हणाली, "मला नाही यायचे तिकडे. तुम्हीही जाऊ नका." भीती हे त्याचे एक कारण होते, पण तेच एक होते असे मला वाटत नाही. नात मात्र वर्तमानपत्र समोर ठेवून पुष्कळ वेळ बसून राहिली. मग तिने विचारले, "आबा, इतक्या उन्हात त्या पाने तोडायला का गेल्या?"

मी तिला समजावून सांगितले. तेंदूच्या पानात तंबाखू गुंडाळून विडी वळतात. ते पान उन्हाळ्यातच कोवळे आणि कामाचे असते. थोड्याच दिवसांचा तो हंगाम. पण त्या थोड्या दिवसांत मिळालेल्या पैशावर गरीब घरांतील पेरणीचे बियाणे आणि मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघतो. ऊन चढण्यापूर्वी काम उरकावे, म्हणून बाया पहाटेच रानात शिरतात. वाघाचाही फिरण्याचा वेळ तोच. शिवाय पाने खुडताना माणूस ओणवा होतो किंवा उकिडवा बसतो. दाट झुडपात अशी वाकलेली आकृती वाघाला माणसासारखी न दिसता चौपायी जनावरासारखी भासू शकते. त्याआधी चैत्रात मोहफुले वेचायलाही त्या अशाच पहाटे जातात. आपण जिप्सीत बसून जातो. त्या पायी जातात.

तिने माझे सर्व बोलणे ऐकून घेतले. मग हळू आवाजात ती म्हणाली, "म्हणजे मे महिन्यात वाघ दिसावा, असे आपण देवाला मागणार, आणि त्या बायका त्याच पहाटे, त्याच देवाला, वाघ दिसू नये म्हणून मागणार. देवाने ऐकायचे तरी कोणाचे?"

आयुष्यभर मी मुलांना प्रश्न विचारीत आलो. या प्रश्नाचे उत्तर मात्र मला लगेच देता आले नाही.

नातू इतक्यावर हार मानणारा नव्हता. तो म्हणाला, "पण आपण गेलो नाही, तर त्या बायकांचे काय भले होणार आहे? उलट, जो गाडी चालवतो, जो वाट दाखवतो, त्याची मजुरी बुडेल." त्याचे म्हणणेही खोटे नव्हते. ताडोब्याच्या भोवतालच्या गावांतील कितीतरी तरुण-तरुणी आज मार्गदर्शक म्हणून काम करतात. कोणी जिप्सी चालवितात, कोणी घरच्या एक-दोन खोल्या पाहुण्यांना देतात. पर्यटक गेलाच नाही, तर त्यांना पुन्हा पानांच्या आणि मोहफुलांच्याच मागे रानात जावे लागेल. दोन्ही मुले आपापल्या जागी बरोबर होती. म्हणूनच निवाडा करणे कठीण होते.

काही दिवस वही मिटलेली राहिली. मग एका संध्याकाळी नातीनेच ती उघडली आणि नव्या पानावर मथळा लिहिला, 'तिथली माणसे'. आमच्या बेतात वाघासाठी कितीतरी पाने होती. माणसांसाठी हे पहिलेच. ते पान भरता भरता आम्हां सर्वांनाच पुष्कळ काही शिकायला मिळाले.

वाघ वाचवायचे काम या देशाने मनापासून केले आहे. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. आपला मेळघाट पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. २००६ सालच्या गणनेत देशात अवघे १,४११ वाघ असल्याचा अंदाज निघाला, तेव्हा सर्वांच्या काळजाचा ठोका चुकला. २०२२ च्या गणनेत ती संख्या ३,६८२ वर गेली. त्यांपैकी ४४४ महाराष्ट्रातले. हे आकडे वाचून नातवाने टाळी वाजविली. परंतु या आकड्यांमागे माणसांचे देणे आहे. कोअर क्षेत्रात पिढ्यान्‌पिढ्या वसलेली बोटेझरी, नवेगाव, जामणी यांसारखी गावे या शतकात तेथून उठून बाहेर आली. २० नोव्हेंबर २०२१ रोजी व्याघ्रगणनेच्या कामासाठी कोअरमध्ये पायी फिरत असलेल्या एका महिला वनरक्षकाला वाघिणीच्या हल्ल्यात प्राण गमवावे लागले. आपण ज्या आकड्याला टाळ्या वाजवितो, तो मोजताना कोणी जीव दिला आहे, हे मुलांनी वहीत लिहून घेतले.

आणि वाघ काही ताडोब्यातच राहतो असेही नाही. वयात आलेल्या नर वाघाला स्वतःचा मुलूख शोधावा लागतो. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला एक तरुण वाघ २०१९ साली असाच घराबाहेर पडला. त्याच्या गळ्यात रेडिओचा पट्टा होता, म्हणून त्याची वाट कळत गेली. महाराष्ट्र आणि तेलंगणाच्या रानांतून व शेतांतून तो महिनोन्‌महिने चालत राहिला आणि त्या डिसेंबरात आमच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन पोहोचला. त्याची एकूण चाल सुमारे तीन हजार किलोमीटर भरली. पुढे २०२१ च्या मार्चमध्ये टिपेश्वरचाच आणखी एक वाघ अजिंठ्याच्या डोंगररांगेतील गौताळा अभयारण्यात कॅमेऱ्याने टिपला. आम्ही जालन्याहून विदर्भात जाण्यासाठी इतके कागद भरीत होतो, आणि तिकडचे वाघ कोणताही कागद न भरता आमच्या दाराशी येऊन गेले होते!

हे ऐकून आमचे शेजारी गंभीर झाले. "रोही आला तर माझी तूर जाते," ते म्हणाले, "त्या लोकांच्या दारात तर वाघच येतो. गुरुजी, तिकडे गेलात की त्यांना विचारा, रात्री ते झोपतात कसे." आमच्या वहीतील सर्वांत मोलाचा प्रश्न हा होय; आणि तो अशा माणसाने दिला, ज्याला जिप्सीत जागा नव्हती.

यानंतर बेत भराभर आखला गेला. जायचे नक्की झाले; परंतु मे महिन्यात नाही, येत्या पौषात. वाघ दिसण्याची शक्यता कमी झाली तरी चालेल, असे नातीने नातवाच्या तोंडून वदवून घेतले. कोअरची एकच फेरी करायची. दुसरा दिवस बफरसाठी राखायचा आणि मोहर्लीजवळच्या आगरझरीला फुलपाखरांची बाग पाहायची. मुक्काम गावातल्या घरी करायचा. जेवण तेथलेच घ्यायचे. संध्याकाळी, त्यांची हरकत नसेल तर, घरच्या माणसांशी बोलत बसायचे.

नातीने आणखी एक नियम स्वतः होऊन लिहिला. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीला आणि तिच्या बछड्यांना दोन्ही बाजूंनी अडविले होते. त्याची दखल पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आपण होऊन घेतली. ते वाचून तिने लिहिले, 'चालकाला गाडी पुढे घ्या, असे कोणीही म्हणायचे नाही. आबांनीसुद्धा नाही.' मी त्याखाली मुकाट्याने सही केली.

बाकीची तयारी डोळ्यांची आणि कानांची. रानात वाघ आधी ऐकू येतो, मग दिसतो. माकड झाडावरून खेकसते, चितळ तीक्ष्ण आवाजात ओरडते, सांबर पाय आपटून हाक देते. हे इशारे ज्याला कळतात, त्याला रान समजते. त्यासाठी गप्प बसता आले पाहिजे. म्हणून पावसाळा सरल्यावर आम्ही घाणेवाडीच्या तलावावर जाऊ लागलो. बांधावर अर्धा तास न बोलता बसायचे, एवढाच अभ्यास. पहिल्या दिवशी नातवाला दहा मिनिटेही धीर धरवेना. चौथ्या खेपेस त्याने टिटवीचे ओरडणे ऐकून, कुत्रे जवळ येत असल्याचे ते दिसण्यापूर्वीच सांगितले. घरी रात्री पुस्तके वाचली. त्याच वर्षी १८ जून रोजी मारुती चितमपल्ली आपल्याला सोडून गेले. वनखात्याच्या नोकरीत राहून त्यांनी मराठीला अरण्याची ओळख करून दिली. त्यांची पुस्तके वाचताना मुलांना एक गोष्ट कळली, की रानात वाघाखेरीज पाहण्याजोगे इतके आहे, की एक जन्म पुरणार नाही.

जागा राखून ठेवायचा दिवस आला, तेव्हा मुलाने विचारले, "नावे पाच घालायची ना?" स्वयंपाकघरातून उत्तर आले, "सहा घाला." मुलांच्या आजीचा विचार बदलला होता. पण तिने लगेच खुलासा केला, "मी वाघ पाहायला येत नाही. ज्या घरी उतरणार, त्या घरच्या बाईशी मला चार शब्द बोलायचे आहेत." शेजाऱ्यांनी त्या घरासाठी मळ्यातील मोसंबीची एक करंडी देऊ केली आहे, आणि ती जिप्सीत न ठेवता मुक्कामावर ठेवायची, अशी नोंद वहीत झाली आहे.

आता सर्व तयारी पूर्ण आहे. वाघ दिसेल की नाही, हे त्याच्या मर्जीवर आहे आणि ते तसेच असावे. आमच्याकडे जुन्या माणसांनी दोन रीती सांगून ठेवल्या आहेत. कोणाच्या घरी त्याच्या अडचणीच्या वेळी मौज म्हणून जाऊ नये. आणि गेलो, तर रिकाम्या हाताने जाऊ नये. ताडोब्याच्या घरात वाघ राहतो, तशी माणसेही राहतात. दोघांचाही मान राखून परत येता आले, तर दोनशे पानांची ती वही आणि एक उन्हाळा सार्थकी लागला, असे मी समजेन.